पगारवाढीनं तोंडाला पानं पुसली, आता कामात मन कसं लावायचं?

संभाजीनगरच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा एमआयडीसीतल्या पुष्कळ कंपन्यांत वाढ एप्रिलपासून लागू होते, पण पत्र हातात पडतं जून-जुलैत. नेमके तेच दिवस पेरणीचे आणि पोरांच्या फीचे. बियाणं-खतासाठी गावाकडून फोन आणि एचआरचं चार टक्क्यांचं पत्र एकाच आठवड्यात आलं, की कामावरून मन उडतं. अशा वेळी ‘सकारात्मक राहा’ छापाचे सल्ले कामाला येत नाहीत. रक्कम कमी हे दुखणं आहेच. पण ती तेवढीच का आणि पुढं काय, हे कुणी सांगत नाही, ते जास्त कुरतडतं. म्हणून क्रम असा ठेवा: वाढ नेमकी किती ते काढा, का तेवढीच ते विचारा, रोजच्या कामातलं काय धरायचं आणि काय सोडायचं ते ठरवा, आणि थांबायचं की जायचं या प्रश्नाला तारीख लावा.

पहिले सात दिवस

या आठवड्यात पगाराबद्दल कुणालाही लेखी काही पाठवू नका. राजीनामा तर नाहीच. हल्ली तो पोर्टलवर एका बटणात जातो, पण मागं घ्यायचा तर साहेब आणि एचआर दोघांची मंजुरी लागते, आणि मंजुरी मिळाली तरी ‘हा जाणाराच आहे’ हा शिक्का पुसत नाही. पत्राच्या दुसऱ्याच दिवशी आजारपणाची रजा टाकणं, व्हॉट्सॲप स्टेटसला टोमणा ठेवणं, ग्रुपवर पत्राचा फोटो टाकणं हे सगळं ज्याच्यापर्यंत जायचं त्याच्यापर्यंत संध्याकाळच्या आत जातं. थर्ड शिफ्ट करून आल्यावर सकाळी कुठलाही निर्णय घेऊ नका, बायकोशी वादसुद्धा नको.

कॅन्टीनमधले आकडे मनावर घेऊ नका. एकजण सीटीसीतली (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) वाढ सांगतो, दुसरा ग्रॉसमधली (कपातीआधीचा पगार), तिसरा तीन महिन्यांचा एरियर (मागचा फरक) धरून ‘मला सहा हजार आले’ म्हणतो. ज्याला खरंच चांगली वाढ मिळालेली असते, तो बहुधा गप्प बसलेला असतो.

पत्र वाचायचं कसं

जुनी सॅलरी स्लिप, नवी स्लिप आणि पत्राच्या शेवटी जोडलेला तक्ता शेजारी ठेवा. टक्केवारी जवळजवळ नेहमी सीटीसीवर असते, हातात येणाऱ्या पगारावर नाही. उदाहरण घ्या. सीटीसी वर्षाला 4,80,000, वाढ 4 टक्के. म्हणजे वर्षाला 19,200, महिन्याला 1,600. बेसिक (मूळ पगार) निम्मं असेल तर बेसिकमध्ये 800 वाढले. त्या 800 वर कंपनीचा पीएफ 12 टक्के, म्हणजे 96 रुपये, आणि ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेची) 4.81 टक्क्यांची तरतूद, म्हणजे साधारण 38 रुपये. हे दोन्ही सीटीसीतच धरलेले असतात. राहिले 1,466. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ पुन्हा 96. हातात आले 1,370.

कंपनी पीएफ पूर्ण बेसिकवर न कापता 15,000 च्या मर्यादेवर कापत असेल आणि बेसिक आधीच त्याच्या वर असेल, तर हे 96-96 कापले जाणार नाहीत. कोणती पद्धत आहे ते स्लिपवर लगेच कळतं: पीएफ बरोबर 1,800 दिसत असेल तर मर्यादेवर, वेगळा आकडा दिसत असेल तर बेसिकवर.

वाढ एप्रिलपासूनची आणि पत्र जुलैत, असं असेल तर जुलैच्या पगारात एप्रिल ते जूनचा फरक एकदम येतो. तो महिना फसवा असतो. खरा आकडा ऑगस्टच्या स्लिपवर दिसतो, आणि दुसऱ्यांदा वाईट वाटतं तेही तेव्हाच. आधीच ठाऊक असलं तर तो फटका तितका बसत नाही. एरियर आला म्हणून त्याच महिन्यात गाडीचा हप्ता चालू करणं ही नेहमीची चूक.

काही सीमारेषा अशा आहेत, की वाढ मिळूनही माणूस जिथल्या तिथं राहतो:

- ईएसआयची (सरकारी कामगार विमा योजनेची) मर्यादा महिना 21,000 आहे. पगार 20,500 वरून 21,500 झाला तर तुमच्या वाट्याचे 0.75 टक्के, म्हणजे दीडशे रुपये वाचतात, पण दवाखान्याचं कार्ड पुढं बंद होतं. लगेच नाही: जूनमध्ये मर्यादा ओलांडली तरी कपात 30 सप्टेंबरपर्यंत चालते आणि त्या सहामाहीचे लाभ पुढच्या वर्षीच्या 30 जूनपर्यंत मिळतात. तेवढ्या अवधीत मेडिक्लेमची सोय लावा. घरात म्हातारी माणसं असतील तर त्याचा हप्ता तुमची सगळी वाढ खाऊ शकतो, आणि हा मुद्दा साहेबांसमोर ठेवण्यासारखा आहे.
- महाराष्ट्रात महिलांना महिना 25,000 पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही. पगार त्याच्या वर गेला की महिना 200 आणि फेब्रुवारीत 300, असे वर्षाचे 2,500 जातात.
- कायद्याच्या बोनससाठी बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून 21,000 ची मर्यादा चालत आली आहे. तुमचं बेसिक त्याच्या आसपास असेल तर दिवाळीचा बोनस चालू राहणार का, हे आत्ताच विचारा.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता (केंद्राचे नवे कामगार कायदे) लागू झाल्या. ‘वेतन’ एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा कमी धरता येणार नाही, हा त्यातला मुद्दा. ज्या कंपन्यांनी बेसिक मुद्दाम कमी ठेवून भत्ते फुगवले होते, तिथं रचना बदलली की पीएफ वाढून हातातला पगार घटू शकतो. तो पैसा तुमच्याच खात्यात जातो, पण घर त्यावर चालत नाही. तेव्हा ‘वाढ कमी मिळाली’ आणि ‘रचना बदलली’ या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजा.

युनियन असलेल्या कंपनीत वाढ करारातून येते, बहुधा तीन वर्षांसाठी एकदम. फटाके वाजतात तो आकडा सहसा सीटीसीचा असतो आणि तोही टप्प्याटप्प्याने मिळतो: मोठा वाटा पहिल्या वर्षी, बाकी पुढच्या दोन वर्षांत. दुसऱ्या वर्षी वाढ तुटपुंजी दिसली तर आधी करारपत्रातले टप्पे बघा. कंत्राटी कामगारांचं गणित आणखी वेगळं. किमान वेतनावरचा विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलतो. ठेकेदार त्यालाच ‘वाढ’ म्हणत असेल, तर ती त्यानं दिलेली नाही, कायद्यानं आली आहे.

लातूरच्या खासगी क्लासेसमध्ये, जालन्या-नांदेडच्या आडत दुकानांत, पतसंस्थांत तर पत्रच मिळत नाही. मालक तोंडी सांगतात. तिथं निदान पगार बँकेत जमा करायला लावा आणि वाढीची रक्कम व तारीख व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: ‘सर, आपण सांगितल्याप्रमाणे ऑगस्टपासून 18,500 धरतो, बरोबर ना?’ नुसतं ‘हो’ आलं तरी पुरे.

तेवढीच का मिळाली

कारण चारांपैकी एक असतं: एकूण बजेटच कमी होतं, तुमचं रेटिंग (वर्षभराच्या कामाचा शेरा) खाली लागलं, तुम्ही तुमच्या ग्रेडच्या (पदाच्या पायरीच्या) पगारात वरच्या टोकाला पोचलात, किंवा तुमच्या वतीनं बोलणारं तिथं कुणी नव्हतं.

बजेटचं गणित समजून घेतलं की साहेबांवरचा निम्मा राग उतरतो. दहा जणांची टीम, प्रत्येकाला सरासरी 30,000, म्हणजे महिना तीन लाख. वरून सहा टक्के मंजूर झाले, म्हणजे वाटायला 18,000. एकाला दहा टक्के द्यायचे तर 3,000 त्याला गेले आणि उरलेल्या नऊ जणांना मिळून 15,000, माणशी साडेपाच टक्के. साहेबाच्या हातात बहुधा एवढीच कात्री असते. शिवाय मोठ्या कंपन्यांत बेल कर्व्ह असतो. सगळी टीम चांगली असली तरी कुणाला तरी खालचं रेटिंग द्यावंच लागतं, आणि ते बऱ्याचदा नव्यानं टीममध्ये आलेल्याच्या किंवा वर्षभर कधी तक्रार न करणाऱ्याच्या माथी जातं.

याचा अर्थ असा की पत्र आल्यावर भांडून त्या वर्षीचा आकडा क्वचितच हलतो. बजेट जानेवारी ते मार्चमध्ये पक्कं होतं, रेटिंग त्यानंतर लागतं. पुढच्या वाढीसाठी बोलायचा महिना डिसेंबर. बहुतेक लोक मे महिन्यात फॉर्म भरताना जागे होतात, तोवर पैसे वाटून झालेले असतात.

साहेबांशी बोलणं

आठवडा उलटला की वेळ मागा. शिफ्ट बदलताना, लाइन बंद पडलेली असताना किंवा महिनाअखेरीच्या डिस्पॅचच्या गडबडीत नको. ‘सर, वाढीचं पत्र मिळालं. त्यावर पंधरा-वीस मिनिटं बोलायचं होतं. या आठवड्यात कधी सवड होईल?’ एवढं बस.

जाताना एक पान न्या, दोन नाही. त्यावर वर्षभरातली तीन-चार कामं, प्रत्येकाला आधीचा आणि नंतरचा आकडा. ‘खूप मेहनत केली’ याला कुणी किंमत देत नाही. असं लिहा: सेटअप बदलायला 45 मिनिटं लागत होती, आता 28 लागतात, दिवसाला दोन बदल, महिन्याचे 25 दिवस, म्हणजे 850 मिनिटं, साधारण 14 तास मशिन जास्त चालते. मशिनचा ताशी दर 400 धरला तर महिन्याला 5,600 रुपये. दर अकाउंट्सकडून किंवा कॉस्टिंगवाल्याकडून विचारून घ्या, अंदाजानं लिहू नका. एक आकडा खोटा निघाला की अख्खं पान पडतं. ऑफिसच्या कामात हेच रिपोर्टला लागणारे दिवस, थकबाकीची वसुली, परत आलेल्या तक्रारी अशा आकड्यांत मांडता येतं.

मग तीन प्रश्न, याच क्रमानं:

‘सर, माझं रेटिंग काय लागलं, आणि मी कशात कमी पडलो?’

‘माझ्या ग्रेडमध्ये पगाराच्या पट्ट्यात मी खाली आहे, मध्ये आहे की वर?’

‘पुढच्या वाढीच्या आधी नेमकं काय करून दाखवलं तर फरक पडेल?’

दुसरा प्रश्न फार थोडे विचारतात आणि तोच सगळ्यात कामाचा आहे. तुम्ही पट्ट्याच्या वरच्या टोकाला असाल तर कितीही राबलात तरी टक्के कमीच पडणार. मग वाढ मागण्यापेक्षा ग्रेड बदलून मागणं हाच रस्ता.

बोलणं बिघडतं ते ठराविक जागी. सहकाऱ्याचं नाव आणि आकडा घेतला, की विषय तुमच्या पगाराचा न राहता ‘तुला कुणी सांगितलं’ असा होतो. ‘घरभाडं वाढलं, बहिणीचं लग्न आहे’ ही खरी अडचण असली तरी कंपनीच्या लेखी पगार वाढवायचं ते कारण नाही. हातात नसलेली ऑफर सांगू नका. ‘मग घे ना’ म्हटल्यावर पुढं बोलायला जागा उरत नाही.

पैसे नाहीतच असं उत्तर आलं तर लगेच उठू नका. ज्याला वेगळं बजेट लागत नाही, असं बरंच काही साहेबाच्या हातात असतं: पदनाम, जनरल शिफ्ट, ग्राहकाच्या ऑडिटला समोर बसायची संधी, नव्या मशिनच्या ट्रायलवर नाव. प्रशिक्षणाचा पैसा अनेकदा वेगळ्या खात्यात पडून असतो. संभाजीनगरात चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूम आहे, विद्यापीठ परिसरात नायलिट या केंद्र सरकारच्या संगणक-इलेक्ट्रॉनिक्स प्रशिक्षण संस्थेचं केंद्र आहे. सीएनसी, कॅड-कॅम किंवा संगणकाचा छोटा कोर्स कंपनीच्या खर्चानं झाला तर तो पुढं कुठंही तुमच्याबरोबर येतो. फक्त ‘कोर्स केल्यावर इतकी वर्षं सोडणार नाही’ असा बाँड आहे का, ते सहीच्या आधी वाचा.

संध्याकाळपर्यंत चार ओळींचा मेल टाका: ‘सर, आज वेळ दिल्याबद्दल धन्यवाद. आपण सांगितल्याप्रमाणे अमुक दोन गोष्टींवर काम करतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात प्रगती दाखवतो आणि ग्रेडबद्दल तेव्हा पुन्हा बोलू.’ ‘बघू’ या शब्दाला तारीख चिकटवायची ती इथं. साहेबांची बदली झाली तरी मेल राहतो.

रोजच्या कामात काय धरायचं, काय सोडायचं

कागदावर तीन रकाने पाडा. पहिला, ज्याचा पगार मिळतो ते काम. दुसरा, ज्यातून तुमचं कसब वाढतं ते काम. तिसरा, भिडेखातर गळ्यात पडलेलं काम: दुसऱ्याचा रिपोर्ट, रात्री साडेनऊच्या मेसेजला उत्तर, सुटी झाल्यावर ‘जरा थांब’ म्हणून गेलेला तास.

पहिल्या रकान्याला हात लावू नका. राग काढायला गुणवत्ता ढिली करणं, सेफ्टीचा चेक न करता टिक मारणं, उशिरा येणं यात नुकसान तुमचंच होतं. एक रिजेक्शन ग्राहकापर्यंत गेलं की वर्षभराचं पान फाटतं. शिवाय वाळूजची दुनिया लहान आहे. पुढची कंपनी चौकशीला फोन करते तो याच मजल्यावर.

तिसरा रकाना कमी करा, पण एका झटक्यात नको. एकदम हात आखडले की तोंड फुगवलं असं दिसतं. आठवड्याला एक काम सोडा आणि नकार देण्याऐवजी निवड पुढ्यात ठेवा: ‘सर, हे आज करतो, मग डिस्पॅचचा रिपोर्ट उद्या अकराला मिळेल, चालेल?’ कारखान्यातल्या कामगाराला जादा तासाचा दर कायद्यानं दुप्पट आहे. थांबायचं तर नोंद करून थांबा.

सुटलेला वेळ दुसऱ्या रकान्यात घाला. मन परत लागतं ते बहुधा इथून. पगार कंपनी ठरवते, पण पीएलसी (मशिन चालवणाऱ्या कंट्रोलरचा प्रोग्रॅम) वाचता येणं, एक्सेलमध्ये पिव्होट लावता येणं, ग्राहकाशी मराठीइतक्याच सहज हिंदी-इंग्रजीत बोलता येणं हे कुणी अडवू शकत नाही. एका वेळी एकच गोष्ट धरा, तीन महिने.

नाराजीचा सगळ्यात मोठा परिणाम काम सुरू करण्यावर होतो. सुरू झालेलं काम सहसा पुरं होतं. म्हणून शिफ्टची पहिली चाळीस मिनिटं अशा कामाला द्या जे त्याच दिवशी संपेल. मोठं, लांबणारं काम जेवणानंतर. चहाची सुट्टी पगारावर रडणाऱ्या टोळक्यात रोज घालवू नका. त्यांचं म्हणणं खरं असतं, पण त्याच गाऱ्हाण्यांत रोज बसलं की उरलेली शिफ्ट जड जाते. दर शनिवारी वहीत पाच ओळी लिहा: काय केलं, आधीचा आकडा, नंतरचा आकडा, तारीख, कुणी पाहिलं. डिसेंबरात लागणारं पान या वहीतूनच निघतं. वहीत आकडे लिहा. कंपनीचं ड्रॉइंग किंवा ग्राहकाचा डेटा मोबाइलवर घेऊ नका, त्यावरून नोकरी जाऊ शकते.

मन पुन्हा ढासळायचे दिवसही ठरलेले असतात. ऑगस्टची स्लिप, दिवाळी बोनसचा दिवस, आणि नव्यानं आलेल्या पोराचं पॅकेज कानावर पडतं तो दिवस. नव्याला जास्त मिळतं, कारण त्याचा पगार आजच्या बाजारभावानं ठरतो आणि तुमचा जुन्या पगारावर टक्के लावून. हा अन्याय वाटला तर तो योग्य जागी वापरा: ग्रेडच्या बोलण्यात ‘या पदाचा आजचा दर’ हा मुद्दा म्हणून.

घरी काय सांगायचं

गावाकडं ‘वाढ झाली’ एवढाच शब्द पोचतो आणि मागण्या त्याप्रमाणे येतात. हातात येणारा आकडा सांगा, टक्के सांगू नका. ‘अण्णा, महिन्याला तेराशे सत्तर वाढले’ म्हटलं की बियाण्याचं बोलणं तेवढ्यात बसतं. हे 1,370 आधी जास्त व्याजाच्या कर्जाला लावा: मायक्रोफायनान्स, क्रेडिट कार्ड, मोबाइलचा हप्ता. कर्ज नसेल तर वेगळ्या खात्यात ठेवा आणि तीन महिन्यांचा घरखर्च साठेपर्यंत हलवू नका. नोकरी सोडता येईल इतका पैसा गाठीला असला की तीच नोकरी करताना जाच कमी वाटतो.

तारीख लावा, बाजार बघा

थांबायचं की जायचं हा विचार रोज करू नका. दोन तारखा धरा: दिवाळीनंतरचा आठवडा आणि 15 जानेवारी. पहिल्या तारखेला बघा, ऑक्टोबरचं ठरलेलं बोलणं झालं का. दुसरीला बघा, ग्रेडची किंवा करेक्शनची (पगार बाजारभावाला आणण्याची) शिफारस साहेबांनी खरंच वर पाठवली का. दोन्ही वेळा ‘बघू’च मिळालं तर बायोडेटा बाहेर काढा.

संभाजीनगरजवळच्या बिडकीनमध्ये ई-स्कूटरवाली एथर आणि टोयोटा-किर्लोस्कर यांचे प्रकल्प जाहीर झाल्यापासून ‘आता सगळीकडं भरती’ अशी हवा आहे. जाहीर होणं आणि लाइन चालू होणं यात वर्षं जातात. त्या आशेवर आज राजीनामा देऊ नका. पुण्याचं गणित मांडूनच बघा. इथं हातात 30,000 आणि भाडं 6,000. चाकणला 40,000 मिळाले, भाडं 13,000, कामावर जायचा खर्च 1,500 जास्त, आणि महिन्यातून दोनदा घरी यायचं म्हणून आणखी 1,500. वाढलेले दहा हजार तिथंच संपले. काम शिकायला मिळत असेल तर तरीही जा, पण पैशासाठी जात असाल तर 40,000 हा आकडा पुरत नाही, हे मुलाखतीच्या आधी ठाऊक हवं.

जायचंच ठरलं तर नवं ऑफर लेटर हातात आल्याशिवाय राजीनामा नाही. तोंडी ऑफर ही ऑफर नव्हे. नोटीस पिरीयड 30, 60 की 90 दिवस, आणि न पाळल्यास किती कापतात, हे नेमणुकीच्या पत्रात असतं. ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची सलग नोकरी लागते. बेसिक 20,000 असेल तर वर्षाला 15/26 च्या हिशेबानं 11,538, पाच वर्षांचे 57,692. थोडेच महिने उरले असतील तर पात्रतेची नक्की तारीख एचआरकडून काढून मगच राजीनाम्याची तारीख ठरवा. ठराविक मुदतीच्या नेमणुकीवर असाल तर नव्या संहितेत एक वर्षानंतरच हक्क मिळतो, तो सोडू नका. पीएफ काढू नका, यूएएनवरून (पीएफच्या कायमच्या क्रमांकावरून) बदली करा. एकूण पाच वर्षं होण्याआधी काढला तर त्यावर कर लागतो.

राजीनामा दिल्यावर हीच कंपनी ‘थांब, वाढवून देतो’ म्हणेल. तेव्हा तीन गोष्टी लेखी घ्या: वाढ कोणत्या तारखेपासून, बेसिकमध्ये की ‘रिटेन्शन’ नावाच्या एकरकमी पैशात, आणि पुढच्या एप्रिलची नेहमीची वाढ यातून वजा होणार की वेगळी मिळणार. एकरकमी असेल तर तो पैसा पुढच्या टक्क्यांच्या हिशेबात येत नाही, आणि मुदतीआधी सोडलं तर परत मागितला जातो. या तीन गोष्टी पत्रात येत नसतील तर नव्या कंपनीला कळवलेली जॉइनिंगची तारीख बदलू नका.